अर्जातलं तिसरं नाव

स्फॅक्स, ९ जानेवारी २०२४

ओल्फा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच फेकलं नसशील, तर आधी एवढं वाच: पत्ता मी मोंजिया मावशीकडून घेतला. तुझ्या आईवर चिडू नकोस. मी तिच्याकडे दोनदा गेले, दुसऱ्यांदा रडले, तेव्हा कुठे तिने दिला. माझा नंबर तू बंद करून टाकलास, मेल जसे जातात तसे परत येतात, म्हणून सात वर्षांनी हाताने पत्र लिहायला बसले आहे. अक्षर बघ काय झालंय. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर लाल शेरे मारून मारून दुसरं काय होणार!

मावशी म्हणाली, तू आता फ्रान्समध्ये नांतला त्या स्कॅनर विभागाची प्रमुख झालीस. "तिथल्या उंदरांना माझ्या ओल्फाशिवाय झोप येत नाही," असं तिने शेजारणीसमोर मोठ्या थाटात सांगितलं. शेजारीण म्हणाली, "अंगाई म्हणते की काय?" मी भूल देण्याबद्दल समजावून सांगणार होते, पण मावशीचा चेहरा इतका फुलला होता की गप्प बसले.

आता कामाचं. देशाचा दक्षिण भाग आणि किनारपट्टी मिळून एक मशीन द्यायचं सरकारने ठरवलं आहे. तुझ्याकडे आहे तसलंच. झोपवलेला उंदीर तबकात ठेवायचा आणि न कापता त्याच्या पोटातली गाठ बघायची. एका संस्थेला मिळणार नाही. तीन गटांनी एकत्र अर्ज करायचा, मशीन तिघांचं. स्फॅक्सतर्फे मी, मोनास्तिरहून झुहेर, आणि ट्युनिसचा एक गट आहे.

माझ्याकडे काय चालतं ते तुला सांगायला नको, तरी सांगते. गाठ किती वाढली ते बघायला दर सोमवारी मी सहा उंदीर मारते. पुढच्या सोमवारी आणखी सहा. ते सहा वेगळे, त्यांच्या गाठी वेगळ्या. मग औषधाने गाठ कमी झाली, की त्या उंदराची मुळातच लहान होती? अकरा वर्षं मी हे करते आहे आणि अजून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मशीन आलं तर तोच उंदीर दहा वेळा बघता येईल आणि जिवंत राहील. मी पंचेचाळीस वर्षांची झाले ओल्फा. आता नाही आलं तर माझ्या हयातीत येत नाही.

तुझ्याकडून एवढंच हवं आहे: आमच्या माणसाला मशीन चालवायला शिकवीन, असं एक पत्र. खाली सही. अर्ज १५ फेब्रुवारीला जायचा आहे.

मागचं काही लिहीत नाही. दोघींनाही त्रास झाला, एवढंच म्हणते.

तुझी (हा शब्द लिहायचा की नाही यावर दहा मिनिटं गेली),
नजवा

३० जानेवारी

ओल्फा,

उत्तर नाही. फ्रान्समध्ये पोस्टाचा संप आहे का, असं मी इब्तिहेलला विचारलं. इब्तिहेल म्हणजे माझी विद्यार्थिनी, नोव्हेंबरात डॉक्टर झाली. तिने फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "नाही मॅडम, कुठलाच संप नाही." हल्लीच्या मुलींना जरा खोटं बोलून धीर देताही येत नाही.

काल मोनास्तिरला झुहेरकडे बैठक झाली. झुहेर तुला आठवत असेल, हाडांवर काम करतो, स्वतःची मात्र खुर्चीतून हलवत नाही. मी बसायच्या आधीच त्याने सुरू केलं.

"मशीन इथेच राहील. विमानतळ जवळ आहे. दुरुस्तीचा माणूस उतरला की दहा मिनिटांत हजर."

"आणि माझे उंदीर? दोन तास गाडीत हादरत येणार?"

"येतील की. वाटेत समुद्र बघतील."

"आणि परत कुठे जातील? बाहेर गेलेला उंदीर तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, हा नियम आहे. दर खेपेला तीन आठवडे?"

"मग इथेच राहू दे. जावयासारखी बडदास्त ठेवू."

"मशीन स्फॅक्सला ठेवलं तर तुझे उंदीरही जावई होतील."

"छे छे. तुम्ही स्फॅक्सवाले त्या बिचाऱ्या मशीनला ईदलाही सुट्टी देणार नाही."

मी म्हटलं, मी स्फॅक्सची नाही, केफची आहे, डोंगरातली. तो म्हणाला, "सोळा वर्षं तिथलं पाणी पितेस बाई. आता तूही तसलीच." हसलो सगळे. पण तीन आठवड्यांचा तो नियम माझ्याच तोंडून निघाला, हे परतीच्या दोन तासांत डोक्यातून गेलं नाही.

ट्युनिसचा गट बैठकीला आलाच नाही. फोन आला: त्यांना दुसरीकडून स्वतःचं मशीन मिळतं आहे, तेव्हा आमच्या गळ्यात गळा घालायची त्यांना गरज नाही. म्हणजे नावं उरली दोन. अर्जाला तीन लागतात.

आता सांगते, आणि तू कप खाली ठेव. तिसऱ्या जागी मी तुझं नाव लिहिलं आहे. 'डॉ. ओल्फा सल्लामी, मूत्रपिंडाचे विकार, स्फॅक्सला परतण्याच्या विचारात.' विचारात हा शब्द माझा. माणसाच्या मनात काय विचार आहे ते कुठली समिती तपासणार? झुहेरने विचारलं, "खरंच येते आहे ती?" मी म्हणाले, "बोलणी चालू आहेत." एकतर्फी का होईना, बोलणी चालूच आहेत ना?

सही नंतर पाठवली तरी चालते. चिडली असशील. पण उत्तर दे, चिडून का होईना.

नजवा

१९ फेब्रुवारी

ओल्फा,

तुझं पोस्टकार्ड आलं. ना प्रिय, ना सलाम, ना खाली नाव. एकच ओळ: 'साथीच्या रकान्यात काय लिहिलंस?'

तू असले अर्ज तिकडे तपासतेस, तेव्हा रकाना तुला ठाऊक असणारच. तिघांचे उंदीर एकाच तबकात निजणार, म्हणून विचारतात: गेल्या दहा वर्षांत तुमच्या ॲनिमल हाऊसमध्ये साथ आली होती का, कशी आली, कोणामुळे आली. मी जे कागदावर आहे ते लिहिलं. २०१७ मध्ये यकृताच्या आजाराची साथ आली. बाहेरचे उंदीर क्वारंटाइनशिवाय आत आणले गेले. सोबत तेव्हाचा चौकशी अहवाल जोडला. तो जोडावाच लागतो. त्यात तुझं नाव आहे, याला मी काय करू?

तरी मी प्रयत्न केला, हे तुला कळू दे. सी हेदीकडे गेले. अजूनही तोच संचालक, तीच खोली, खिडकीत तेच मेलेलं झाड.

"अहवालात 'कारण निश्चित नाही' असं करता येईल का?" मी विचारलं.

"माझी सही आहे त्यावर."

"एक पुरवणी जोडली तर..."

"दीड वर्षाने मी निवृत्त होतोय नजवा. 'कारण निश्चित नाही' म्हणजे काय? मी तेव्हा डुलक्या काढत होतो?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला, "का गं? तुला काही वेगळं माहीत आहे का?"

मी म्हणाले, नाही.

"मग जोड तो कागद आणि जा. सगळं मिटलंय, उगाच कशाला उकरतेस?"

जोडला. पंधरा तारखेला अर्ज गेला.

आता तू मनात काय म्हणते आहेस ते मला इथे ऐकू येतं आहे. म्हण. पण एक मीही म्हणते. दार उघडायचं स्वतःचं कार्ड दुसऱ्याला द्यायचं नाही, हा नियम तुझ्याच दारावर तुझ्याच अक्षरात चिकटवलेला होता. तू ते द्यायला नको होतंस. अहवाल कार्डावरून झाला, माझ्यावरून नाही. उंदरांच्या खोलीचं दार कोणाच्या कार्डाने उघडलं, एवढंच त्यांना दिसलं.

हे वाक्य खोडणार होते. पण शाईचं पेन आहे, कागद फाटेल.

हल्ली मला एक सवय लागली आहे. ॲनिमल हाऊसचं दार लावते, गाडीपर्यंत जाते, परत येऊन ओढून बघते. काल पाच वेळा ओढलं. अजूनही फाटकावर पहारा देणारा बशीर काका म्हणाला, "मॅडम, ते दार आता तुमच्या हातात येईल हां!" समिती मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते आहे.

नजवा

७ मार्च

ओल्फा,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे. सोबत एक टाइप केलेला कागद आहे. तो आत्ता वाचू नकोस. आधी हे वाच. मला माहीत आहे, तू आधी तोच वाचशील.

परवा समिती आली. तिघं जण. दोघं नुसते माना डोलवणारे, आणि तिसरी डॉ. विदेद, जनावरांची डॉक्टर, बुटकी, हातात पेन्सिल. बाईने खुर्ची नाकारली, कॉफी नाकारली, तासभर पिंजऱ्यांच्या मधून फिरली. एकेका कप्प्याखाली वाकून बघितलं. खालच्या कप्प्याशी ती वाकली तेव्हा तिच्याबरोबर मीही वाकले. तिथे काही नव्हतं. सात वर्षांपूर्वीचं तिथे काय असणार?

मग सी हेदीच्या खोलीत बसलो. तिने अर्ज उघडला.

"या सल्लामी बाई पान चारवर आहेत. मशीन वापरणाऱ्या तिसऱ्या."

"हो," मी म्हणाले.

"पान अकरावरही आहेत. साथ आणणाऱ्या."

ओल्फा, दोन्ही पानं मी स्वतः जोडली होती. मला दिसलं नाही. शपथेवर सांगते, दिसलंच नाही. माझ्या डोक्यात तू दोन वेगळ्या बायका होतीस. एक जी तू आहेस ती, आणि दुसरी जी मी अहवालात होऊ दिली ती. त्या दोघी एका अर्जात समोरासमोर येतील, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. झुहेरच्याही नाही, पण त्याने पान अकरा वाचलंच नव्हतं. तो आता माझ्याकडे बघत होता.

"ज्यांच्यामुळे तुमचं उंदरांचं घर साफ करावं लागलं, त्यांच्या हातात तिघांच्या मशीनची किल्ली देणार?" डॉ. विदेदने विचारलं.

सी हेदी हात हलवून म्हणाला, "तरुण होती. चूक झाली. आपण पोटात घातली."

"तुम्ही सांगा," ती माझ्याकडे वळली. "तुम्ही तेव्हा इथे होतात ना?"

एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "ती आता फार काळजीपूर्वक काम करते."

असं म्हणाले मी. तुझ्याबद्दल.

तिने पेन्सिलने काहीतरी टिपलं. म्हणाली, मशीन तुम्हाला मिळण्यासारखं आहे, अर्ज चांगला आहे, पण या बाईंचं निवेदन हवं: २०१७ मधली चूक आपली होती हे मान्य आहे आणि यापुढे क्वारंटाइनचे नियम पाळू. सहीनिशी, १ एप्रिलपर्यंत. नाही आलं तर तिसरं नाव बाद, आणि तिसऱ्या नावाबरोबर अर्ज बाद.

तो कागद सोबत आहे. फक्त सही करायची आहे.

मला कळतं आहे मी काय मागते आहे. नाही, खोटं. कळू नये म्हणून तर इतकं भरभर लिहिते आहे. तू तिकडे आहेस. तिथे तो कागद कोणी बघणार नाही, इथल्या फायलीत पडून राहील. तुझं तिकडे काय बिघडणार? इथे माझं सगळं त्यावर आहे. इब्तिहेलचं आहे, झुहेरच्या माणसांचं आहे, दर सोमवारच्या सहांचं आहे. मंगळवारपासून मला अन्न जात नाही. रमजान चार-पाच दिवसांवर आलाय, निदान कोणी कारण विचारणार नाही.

सही कर ओल्फा. मग मला जन्मभर तोंड दाखवू नकोस.

नजवा

२६ मार्च

कागद आला.

सही आहे. तारीख आहे. नाव स्पष्ट अक्षरात, जसं तू पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर लिहायचीस तसं. सोबत पत्र नाही. कागदाच्या मागे बारीक अक्षरात चार शब्द: 'दर सोमवारी सहा, म्हणून.'

मी दारात उभी राहूनच वाचलं. रोजा सोडायची बांग झाली, आतून नवरा हाक मारत राहिला, शोरबा गार झाला.

शिव्यांची मी तयारी केली होती. कागदाचे तुकडे करून पाठवशील, याचीही केली होती. तुकडे आले असते तर मला काय वाटलं असतं माहीत आहे? सुटले असं वाटलं असतं. म्हटलं असतं, बघा, मी प्रयत्न केला, तिने ऐकलं नाही.

इब्तिहेल म्हणाली, "मॅडम, अभिनंदन! आता नुसता पाठवायचा." हो. नुसता पाठवायचा. पाच दिवस आहेत. कागद टेबलावर आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे, कारण त्या खोलीत मला बसवत नाही.

१० एप्रिल, ईद

ओल्फा,

तुला जे माहीतच आहे ते सांगायला हे पत्र आहे. तुला माहीत आहे, पण मी तुला कधी सांगितलेलं नाही.

२०१७ च्या ईदच्या आदल्या दिवशी तू मला तुझं कार्ड दिलंस. मावशीबरोबर खारे मासे भिजत घालायचे होते, त्यांच्याबरोबर खायच्या शारमूलासाठी मनुका वाटायच्या होत्या, आणि तीन दिवस तुझ्या उंदरांना पाणी घालायला कोणी नव्हतं. मी म्हणाले, मी घालते. त्याच दुपारी मी ट्युनिसहून परत आले होते, आणि माझ्याजवळ सहा उंदीर होते. बकलाव्याच्या डब्यात. विणायच्या सुईने झाकणाला भोकं पाडली होती. ईदच्या तोंडावर जो तो हातात मिठाईचे डबे घेऊन फिरतो, कोण उघडून बघतं? बशीर काकाने फाटकात विचारलं, "मॅडम, आत कोणाला नेताय बकलावा? उंदरांना पण ईद का?" मी हसले. दुसऱ्या हातात खरा बकलावा होता, तो त्याला दिला.

तीन आठवडे त्यांना वेगळं ठेवलं असतं तर शिष्यवृत्तीसाठी निकाल द्यायची माझी तारीख गेली असती. एवढंच कारण. दुसरं मोठं काही नाही. माझ्या खोलीतले पिंजरे मोजलेले होते. तुझ्या खोलीत तीन दिवस कोणी मोजणार नव्हतं, कारण मोजणारी तू, आणि तुझं कार्ड माझ्याकडे. तुझ्या खालच्या कप्प्यात मी ते ठेवले. तिसऱ्या दिवशी, तू यायच्या आत, तिथून हलवले. दहाव्या दिवशी तुझ्या उंदरांनी खाणं सोडलं.

सी हेदीच्या खोलीत तू माझ्याकडे वळून विचारलंस, "नजवा, कार्ड तुझ्याकडे होतं ना?" आरोप करत नव्हतीस. आठवण करून देत होतीस, मी विसरले असेन असं समजून. मी म्हणाले, "मी ईदला केफला गेले होते." केफला मी गेले नव्हते. बशीर काकाला कोणी विचारलं नाही. पहारेकऱ्याला कोण विचारतं? त्यानेही आपणहून तोंड उघडलं नाही. दर ईदला माझा डबा त्याच्या घरी जातो.

साथ थांबवायला मारावे लागले ते उंदीर तीनशे बारा. चार वर्षांची तुझी पैदास. तू दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाहीस, सगळे स्वतः मारलेस. मी दाराबाहेर उभी होते. आत आले नाही. तुला वाटलं असेल मला बघवत नव्हतं. मला भीती वाटत होती की तू विचारशील.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, दोघींनाही त्रास झाला. ते परत घेते.

२९ मार्चला मी ट्युनिसला गेले. डॉ. विदेदच्या टेबलावर एक कागद ठेवला.

"सल्लामी बाईंचं निवेदन?"

"नाही. माझं."

तिने दोनदा वाचलं. पेन्सिल हातात घेतली नाही.

"सात वर्षांनी का सांगताय?"

"कारण तिने सही केली."

"नसती केली तर?"

"तर सांगितलं नसतं."

तिने तो कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "हे लिहून द्याल? हेसुद्धा?" मी तिच्यासमोरच खाली लिहून दिलं. 'नसतं' दोनदा लिहावं लागलं, पहिलं मलाच वाचता येईना.

सी हेदी फोनवर एवढंच म्हणाला, "माझी निवृत्ती नासवलीस." मग ऑफिसात आला आणि अहवाल बदलला, त्याला बदलावाच लागला.

मावशीला मी स्वतः जाऊन सांगितलं. रोजा सुटल्यावर गेले, तिने कॉफी ठेवली होती. पूर्ण ऐकून घेतलं तिने. मग उठली आणि माझ्यासमोरचा कप उचलून आत घेऊन गेली. मी अर्धाच प्यायले होते. परत बाहेर आली नाही. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. आज सगळ्या गल्लीत शारमूलाचा वास आहे आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडून वाटी आलेली नाही.

मशीनचं कळलं. गेल्या शुक्रवारी. मोनास्तिरला देताहेत, तिसरं नाव गाबेसच्या जनावरांच्या डॉक्टरांचं. झुहेरने दोन दिवसांत त्यांना गाठलं, खुर्चीतून उठून. स्फॅक्सला वापरायला दर बुधवार मिळाला आहे, इब्तिहेलच्या नावावर. माझं नाव पाच वर्षांसाठी काढलं. झुहेरने फोन करून आधी मशीनचं वेळापत्रक वाचून दाखवलं. मग म्हणाला, "बुधवार तुमचा. पण तू येऊ नकोस नजवा. मला थोडे दिवस तुझा चेहरा नको." मी बरं म्हणाले. उंदीर इब्तिहेल घेऊन जाईल आणि ते तिकडेच राहतील.

जूनपासून सोमवारचे सहा बंद. तू ज्यासाठी सही केलीस ते झालं, तुझ्या सहीशिवाय. मला वाटलं होतं खरं बोलल्यावर छाती हलकी होईल. झाली नाही. दार मात्र आता एकदाच ओढून बघते.

दोन कागद पाठवते आहे. एक बदललेला अहवाल, शिक्क्यासह. त्यात तुझं नाव एकदाच आहे, 'ज्यांचं नुकसान झालं' या शब्दांपुढे. दुसरा तुझा सही केलेला. तो मी कोणाला दाखवलेला नाही. फाडणार होते, पण मग वाटलं, तो माझा नाही. फाडायचा की ठेवायचा ते तूच बघ.

माफी मागत नाही. ती मागितली की पुन्हा तुझ्याकडून काहीतरी हवंच असल्यासारखं होईल. उत्तर देऊ नकोस असंही म्हणत नाही, तेही मागणंच. हे पाकीट चार वेळा उघडून तपासलं: यात तू सही करावीस अशी जागा कुठेही नाही.

नजवा